जवसाचा पाव, पळसाचं पान

चिचटोला, ता. सावली
१४ नोव्हेंबर २०२४

रिना बाई,

तुले अन् जावयाले माहा आशीर्वाद. पोट्टी शाळेत जाते का अजून दारातच लोळन घेते?

तू फोन लावते अन् मी इकडून नुसती हो हो करतो. आता तुलेही समजलंच असन का मले काई ऐकू येत नाई. डाव्या कानानं तर पुरा राजीनामा देल्ला. मून कागदावर लिवून राह्यली. सातवी पास आहो, अक्षराले हसू नको.

गोष्ट अशी का तुह्या मोठेबाबाच्या पायाच्या अंगठ्याले दिवाळीच्या आधी तलावात शिंपला लागला. आम्ही म्हनलं, ढिवराच्या पायाले शिंपला नाई लागन त का सोनाराच्या लागन? हळद भरली अन् गप बसलो. पन ते काई भरून आलं नाई, चिघळतच गेलं. आपल्या गावची आशाताई आहे ना, संघप्रिया, तिनं मशीनवर बोटाचं रक्त पाह्यलं अन् तोंडालेच हात लावला. मंग गडचिरोलीले नेलं. डाक्टर म्हने शुगर गंज वाढली आहे, भात बंद करा. शुगर नाई उतरली त अंगठा काढा लागन.

तुले त माहीत आहे, जाळं फेकनारा मानूस चिखलात अंगठा रोवून उभा रायते. अंगठा गेला का तलाव गेला. हे वापस येताना बसमध्ये साऱ्या रस्त्यानं आपल्या पायाकडे पाहत होते. मी खिडकीतून बाहेर पाहत होती, का करू.

आता भात बंद म्हनजे मानसानं खावं का? मी पोया केल्या. माह्या पोया तुले माहीत आहेत, चपलेले तळ लावता येते. हे दोन घास खातात अन् ताट सरकवतात. शेजारची मंगली कुडावरून विचारते, जेवले का भाऊ? त म्हनतात, नाई बाई, पोळी खाल्ली. अर्धा मानूस झाला माहा नवरा.

मागच्या साली आमच्या दिराच्या पोरीच्या, आचलच्या लग्नात तू आपला डब्बा घेऊन आल्ती, तुले गहू चालत नाई मून. त्यातला तो काळपट पाव यायनं, तुह्या मोठेबाबानं, मासोळीच्या रश्श्यासंग खाल्ला अन् म्हनले होते, हे त बरं लागते वं. तो पाव कसा करते ते सारं नीट लिवून धाड. माह्यापाशी भट्टी नाई, चूल आहे अन् एक जुना कुकर आहे. जल्दी कर.

तुही मोठी आई
गोकुळा


तुकूम, चंद्रपूर
२२ नोव्हेंबर २०२४

मोठी आई,

शाळेतून आले आणि दारातच उभी राहून तुझं पत्र वाचलं. मोठेबाबांच्या अंगठ्याचं दोनदा वाचलं. त्यांना सांग, रिनानं सांगितलंय की अनवाणी अंगणातसुद्धा उतरायचं नाही. माझं ऐकतील. तुझं ऐकत नाहीत हे मला माहीत आहे.

आता पाव. घाबरू नकोस, यात मळणं नाही आणि फुगायची वाट पाहणं नाही. वाटीभर जवस कोरडंच हलकं भाजायचं आणि मिक्सरमधून काढायचं. फार फिरवलं तर तेल सुटतं. तेवढाच फल्लीदाण्यांचा कूट. तीन गावठी अंडी फेटून त्यात दही, मीठ, जिरं आणि चमचाभर तेल. सगळं एकत्र करून थोडा वेळ तसंच ठेव, जवस पाणी पितं आणि चिकट होतं. अगदी शेवटी खायचा सोडा टाकायचा आणि लगेच तेल लावलेल्या डब्यात ओतायचं. कुकरची शिट्टी आणि रबर काढून ठेव, तळाला वाळू पसरून तापव आणि त्यावर डबा ठेवून झाकण लाव. चुलीत लाकूड कमी, निखारे जास्त. सुरी खुपसली आणि कोरडी निघाली की झालं. गार झाल्याशिवाय कापलंस तर भुगा होईल.

हे लिहिता लिहिता मला मासेमारांच्या सोसायटीचा तराजू आठवला. उन्हाळ्याच्या सुट्टीत बाबा मला तुझ्याकडे सोडून जायचे. मोठेबाबा पहिल्याच दिवशी मला मासोळी तोलायच्या त्या मोठ्या तराजूत बसवायचे आणि गल्लीला ऐकू जाईल असं वजन सांगायचे. जाताना परत एकदा तोलायचे. तेव्हा तर सगळी सोसायटी गोळा व्हायची. "पाहा, चिचटोल्याच्या पान्यानं पोट्टी कशी भरली," म्हणायचे. मला मासोळीचा वास लागायचा आणि मी खूप खूश असायचे.

कोळशाच्या खाणीच्या कॉलनीत मी कायम आजारी. पोट फुगलेलं, पाय काटक्यांसारखे. आईनं किती दवाखाने केले आणि किती वेळा मीठ-मिरची ओवाळून टाकली, तिची तीच जाणे. रोज तुपाची पोळी करून, मागे धावून धावून भरवायची. आणि तुझ्याकडे पंधरा दिवस राहिले की मी झाडावर चढायला लागायचे. आई म्हणायची, ताईच्या हातात काय आहे कोण जाणे.

पोरगी झाल्यावर डॉक्टरांनी तपासण्या केल्या तेव्हा समजलं की मला गहूच सोसत नाही. आई जिवापाड भरवायची ती पोळीच मला खात होती, आणि तुझ्या घरी तर पोळी सणालाही नसायची. सकाळी पेज, दुपारी भात, संध्याकाळी भात. तांदूळच माझं औषध होता मोठी आई, आणि ते कुणालाच माहीत नव्हतं. आई हे न कळताच गेली. याचं मला अजूनही फार वाईट वाटतं. तिला एकदा सांगता आलं असतं की तुझं काही चुकत नव्हतं, तर बरं झालं असतं.

असो. पाव कसा झाला ते कळव, आणि शुगर तपासत राहा.

तुझी
रिना


चिचटोला
९ डिसेंबर २०२४

रिना बाई,

जमला वं पाव.

पयला त भुगाच झाला. कोंबड्यायनं खाल्ला, त्यायचेच अंडे त्यायच्याच पोटात गेले. दुसरा कापाले घेतला अन् मंधातून फाटला. मंग म्या जराशी आपली अक्कल लावली. का लावली ते सांगत नाई, स्वयंपाक करनारी बाई आपलं सारं थोडीच सांगत असते. तवापासून असा पाव होऊन राह्यला का मंगली त रोज एक तुकडा मांगाले येते. मऊ, उजळ, बोटानं दाबला का वर येते. तुह्या डब्यातला काळा होता, माहा गोरा आहे.

अन् आइक. परवा झिंग्याचा रस्सा केला होता. यायनं पावाच्या दोन चकत्या संपवल्या, बोटं चाटले अन् भितीले टेकून बसले. मंगलीनं विचारलं, जेवले का भाऊ? त हे म्हनले, जेवलो. म्या आतून आइकलं. कान गेले माहे, पन तेवढं बराबर आइकू आलं. किती दिवसानं तो शब्द त्यायच्या तोंडातून निंघाला. मी चुलीपाशी बसून जराशी रडली, धूर होताच, कोनाले समजलं नाई.

तू तांदळाचं लिवलं ते मी तीनदा वाचलं. खरं सांगू, पयले मले रागच आला. सारी जिंदगी मले वाटे का माह्या हाताचा गुन आहे. तुही माय बायजी गेली तेबी तसंच समजून गेली, अन् आता तू म्हनते का गुन तांदळाचा. मंग इचार केला, तांदूळ त तांदूळ. आपल्याच धानाच्या बांधीतला होता, अन् म्याच कांडला होता. तांदळानं माह्या पोट्टीले उभं केलं याच्याहून मोठं का पाह्यजे. बायजीचं मनाले लावून घेऊ नको. तिले एवढंच पाह्यजे होतं का तू जगावी.

जखम अजून ओली आहे, पन यायच्या तोंडावर तेज आलं. जाळं काढून भोकं शिवत बसतात. म्हनतात, उन्हाळ्यात सारे मिळून मासोळी धराले तलाव मारू तई मी उतरनार.

तुही मोठी आई


तुकूम
२० डिसेंबर २०२४

मोठी आई,

तुझं पत्र मी जेवताना सगळ्यांना वाचून दाखवलं. तुझे जावई प्रफुल म्हणतात, मोठी आईला आपल्या गल्लीत दुकान टाकून देऊ. कोंबड्यांचं वाचून पोरगी इतकी हसली की तिला ठसका लागला.

तुझी काय अक्कल आहे ती मलाही सांग ना. माझा पाव इतक्या वर्षांत कधी उजळ झाला नाही.

मोठेबाबा जाळं शिवतात हे वाचून डोळ्यांसमोर तलावाची पाळ आली. तलाव मारायच्या दिवशी आम्ही पोरं चिंचेखाली बसायचो आणि ते जाळं फेकायचे. हवेत ते कसं गोल उघडायचं. इतर माणसांचं उघडायचं ते लांबट. मला वाटायचं आपल्या मोठेबाबांना आकाशात ताट मांडता येतं.

एवढं मात्र कर. ते जेवायला लागले म्हणजे शुगर उतरली असं नाही. संघप्रियाला बोलावून तपास, उद्याच.

तुझी
रिना


चिचटोला
४ जानेवारी २०२५

रिना बाई,

शुगर वाढली. आधीपेक्षाबी जास्ती आहे. संघप्रियानं दोनदा पाह्यलं, मशीन बदलून पाह्यलं. अंगठ्याची कडा काळी पडून राह्यली. डाक्टर यायच्यावर गरम झाला. म्हने, काका, तुमाले पाय ठेवाचा आहे का नाई? भात खाऊन राह्यले तुमी. हे म्हनले नाई. डाक्टर म्हने, मशीन खोटं नाई बोलत.

मलेबी तेच वाटलं. रांडेचं पोट आहे, भाताशिवाय रायनार कसं. घरी भात शिजतच नाई, मी सुद्धा सोडला, एकट्यानं कसा खाऊ. मंग हे कुठी खातात? मी यायच्या मागं मागं पाळीवर गेली. सोसायटीच्या पोट्ट्यायले विचारलं. मंगलीले आडून विचारलं, तिले रागच आला. शेवटी यायलेच तोंडावर म्हनलं, तुमाले अंगठ्याहून भात प्यारा आहे का? हे म्हनले, नाई खाल्ला वं. म्या म्हनलं, खोटं बोलता. तवापासून बोलनं बंद आहे. एका खोलीत दोन मुके.

तुह्या पावात त मी काई कमी करत नाई. उलट दोन मुठी जास्तच टाकतो. आता तू विचारलंच त सांगून टाकतो, नुस्तं जवस बांधून येत नाई मून मी तांदळाची पिठी टाकतो. तूच लिवलं ना का तांदूळ तुह्यासाठी औषध होता. अन् तुह्या पावात गहू नसते, त तांदूळबी काई गहू नाई. जे तुले पचलं ते त्यायलेबी पचन. सकाळी पेज देतो, पन तीबी पातळ. भाताचं एक शीत घरात नाई, कोनाचीबी शपथ घेतो.

मंग हे वाढून कशानं राह्यलं? तू शिकलेली आहे, तू सांग.

मोठी आई


तुकूम
९ जानेवारी २०२५

मोठी आई,

आत्ताच्या आत्ता पिठी बंद कर. पेज बंद कर. पोहे, मुरमुरे, जे काही तांदळाचं असेल ते सगळं बंद. भात बंद म्हणजे गंजातला शिजलेला भात तेवढाच बंद असं नसतं. पिठी म्हणजे दळलेला भातच, आणि पेज म्हणजे पातळ केलेला भातच. तू त्यांना रोज दोन वेळा पावातून भात भरवते आहेस.

माझा आजार वेगळा आणि त्यांचा वेगळा. मला गहू चालत नाही, तांदूळ खुशाल चालतो. त्यांना गहू असो की तांदूळ, दोन्हीतली साखर चालत नाही. मी जो पाव सांगितला त्यात गहूही नव्हता आणि तांदूळही नव्हता, म्हणून तर सांगितला. मग आपल्या मनानं त्यात काही टाकायचंच कशाला? मी इतकं नीट लिहून पाठवलं होतं.

हे लिहिल्यावर मी जरा थांबले आणि माझंच जुनं पत्र आठवलं. तांदूळ औषध होता असं मीच लिहिलं. त्याच कागदावर, पावाच्या खालोखाल. तुला वेगळं का वाटावं? माझ्या लहानपणाच्या आठवणी त्या दिवशी सांगायची गरज नव्हती. राग आलाय तो तुझ्यावर कमी आणि माझ्यावर जास्त आहे, पण आलाय.

मोठेबाबांनी काही खाल्लं नाही मोठी आई. ते खरं बोलत होते. हे त्यांना आजच सांग. आणि त्यांना लगेच डॉक्टरकडे ने, तपासायची वाट पाहू नको. संघप्रियाचा फोन लागत नाही, म्हणून हे आजच्या आज टाकते आहे.

रिना


चिचटोला
२ मार्च २०२५

रिना बाई,

अंगठा गेला.

तुही चिठ्ठी आली त्या दिवशी आमाले गडचिरोलीले जाऊन दोन रोज झाले होते. ताप चढला होता, मून संघप्रियानंच गाडी बोलावली. चिठ्ठी मंगलीनं तथी धाडली. ऑपरेशन होऊन गेलं होतं. तू संघप्रियाले फोन केला तई तिनं बरे आहेत एवढंच सांगतलं ना? म्याच शपथ घातली होती. तू धावत आली असती, रडली असती, अन् मले तुह्या तोंडाकडे पाहाची हिंमत नव्हती. आता आहे असं नाई. पन किती दिवस लपवीन.

खाटेपाशी बसून म्या तुही चिठ्ठी यायले वाचून दाखवली, पुरी. पिठी म्हनजे दळलेला भात, तेबी वाचलं. हे छताकडे पाहत होते. मंग म्हनले, "म्हनजे म्या चोरून नव्हतं खाल्लं."

बस, एवढंच म्हनले. पिठीचं नाई, अंगठ्याचं नाई. त्यायले तेवढंच लागलं होतं, का म्या त्यायले खोटं म्हनलं. बाई, मले जमीन फाटावी असं झालं. चाळीस वर्षं संसार केला या मानसासंग. कोनाच्या जाळ्यातली एक मासोळी कधी उचलली नाई यायनं, अन् म्या म्हनलं तुमी चोरून खाता.

तुले म्या दोष देत नाई. तूबी आपल्याले देऊ नको. तांदूळ बांधीत पिकते, लग्नात डोक्यावर पडते, मेल्यावर तोंडात पडते. तो वैरी होईन असं कोन मनात आनते? म्या नाई आनलं. बस.

घरी आल्यावर पिठीचा डब्बा मंगलीले देऊन टाकला. आता नुस्त्या जवसाचा पाव करू त पुन्हा भुगा. तू म्हनते चिकट होते, पन माह्या कुकरात तो फाटतेच. तिसऱ्या दिवशी मी भुगा ताटात वाढला, चम्मच देल्ला. हे पाय लांब करून चुलीपाशी बसले होते. भुग्याकडे पाह्यलं, अन् म्हनले, "पानात बांध. माही माय पाळीवर पानगे करे."

पाह्य, तवापासून पयल्यांदा माह्यासंग बोलले. मी परसात जाऊन पळसाचे पानं आनले. यायनंच काडीनं शिवले, बोटं जाळ्यावर बसलेले आहेत ना. पीठ जराशीक घट्ट कालवलं, पानात थापलं, वरून दुसरं पान, अन् निखाऱ्यावर ठेवून राख सारली. पानानं धरून ठेवते वं ते. पान जळते, आत भाकरीवानी गोल चानकी पुरीच्या पुरी निंघते, फाटत नाई. पानाच्या शिरा उमटतात तिच्यावर. धुराचा वास येते. यायनं खाल्ली, म्या खाल्ली.

शुगर उतरून राह्यली. डाक्टर म्हनते बाकीचा पाय वाचला. हे तलावाचं नाव काढत नाई. जाळं छपराच्या वाश्याले टांगून देल्लं.

होळीले येते का?

मोठी आई


तुकूम
२० मार्च २०२५

मोठी आई,

परत येऊन चार दिवस झाले, तरी माझ्या ओढणीला राखेचा वास आहे. मी ती धुतली नाही.

बसमध्ये मी खूप रडले हे तुला सांगून ठेवते. तुमच्या समोर रडले नाही, कारण मोठेबाबा माझ्याकडेच पाहत होते. किती वाळलेत. पण मला पाहिल्याबरोबर म्हणाले, तराजू मोडला बाई सोसायटीचा, आता तुले कशात तोलू. मी हसले आणि मोरीत जाऊन तोंड धुऊन आले.

एक गोष्ट तिथे बोलता आली नाही. लग्न असो, तेरवी असो, शाळेची पार्टी असो, मी कोपऱ्यात बसून आपला डबा खाते. लोक विचारतात, मी समजावते, ते कीव करतात. सासूबाईंना अजून वाटतं की हे नखरे आहेत. त्या दिवशी चुलीपाशी मोठेबाबांनी पानगा मोडला आणि अर्धा माझ्या ताटात टाकला, काही न विचारता. त्यांच्यासाठी केलेलंच मला चालत होतं. असं एका भाकरीतलं मी कुणाबरोबर किती वर्षांनी खाल्लं, मला आठवत नाही.

निघताना ते मला पाळीपर्यंत सोडायला आले ना, काठी टेकत. तिथे मला म्हणाले, "अंगठ्याबिगर उभं रायता येईन का वं पान्यात?" मोठी आई, मी शाळेत पोरांना इतकं काही शिकवते, आणि त्यांना नुसतं डॉक्टरांना विचारा म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि पाण्याकडे बघत राहिले.

जखम पूर्ण भरेपर्यंत त्यांना उतरू देऊ नकोस. आणि भरल्यावरही डॉक्टर हो म्हणाले तरच, तेही बूट घालून. मला ते पाण्यात हवे आहेत, पण पाय ठेवून हवे आहेत.

जवस पाठवते आहे. पुढच्या आठवड्यात कुणी सावलीकडे जाणारं पाहते.

तुझी
रिना


चिचटोला
२५ मे २०२५

रिना बाई,

परवा तलाव मारला.

जखम एप्रिलातच भरली होती. डाक्टरनं पाय हातात घेऊन पाह्यला, शुगरचा कागद पाह्यला, अन् म्हनला, काका, बूट घालून गुडघाभर पान्यात जा, जास्ती वेळ नाई, अन् घरी आल्यावर पाय पुसून कोरडा करा. यायनं मान डोलवली. गमबूट घेतले, पन जाळं काई वाश्यावरून काढलं नाई. म्या काई म्हनलं नाई. म्हनून म्हनून माही जीभ एकदा पोयली आहे.

परवा सकाळी उठली त वाश्यावर जाळं नव्हतं.

मी पाळीवर गेली. सारं गाव होतं. सोसायटीचे मानसं पान्यात, आमी बायका पाळीवर. तलाव मारायच्या दिवशी बाई पान्यात उतरत नाई, तुले माहीतच आहे. इतर दिवशी आमी झिंगे धराले कंबरभर पान्यात असतो, पन त्या दिवशी नाई.

हे गमबूट घालून कडेले गुडघाभर पान्यात उभे होते. सारे आपलं काम सोडून यायच्याकडे पाहत होते, न पाहल्यासारखं करून. यायनं जाळं खांद्यावर घेतलं, कडा दातात धरली, अंग फिरवलं, अन् पाय सटकला. बसले पान्यात. जाळं गुंडाळीच होऊन समोर पडलं. दोघं पोट्टे धावले त त्यायच्यावर असे गरजले का ते वापस फिरले. उठले. पुन्हा जाळं गोळा केलं, पुन्हा फेकलं, पुन्हा बसले. कोनी हासलं नाई. हासले असते त बरं झालं असतं. मंग ते उठलेच नाई, पान्यात तसेच बसून राह्यले, जाळ्याची दोरी हातात धरून.

मले समजलं का आता हे घरी येतीन, जाळं कोनाले तरी देऊन टाकतीन, अन् मंग मरेपर्यंत अंगनात बसतीन.

म्या लुगडं खोचलं अन् उतरली. मागून मंगली वरडली, काय करते वं. मले आइकू येत नाई हे बरं आहे कधी कधी. यायच्या मागं जाऊन उभी राह्यली, माहे दोन्ही पाय चिखलात रोवले, अन् म्हनलं, उठा. उठले. म्या मागून त्यायची कंबर धरली, दोन्ही हातानं, घट्ट. चाळीस वर्षात चारचौघात कधी बोट धरलं नव्हतं आमी. लग्नात धरलं असन तेवढंच.

म्हनलं, फेका.

अंग फिरलं त त्यायच्यासंग मीबी फिरली. जाळं वर गेलं अन् उघडलं, बाई, पुरं गोल उघडलं. पाळीवर कोनी श्वास घेतला नसन तवा. पान्यावर पडलं, बुडालं. यायनं ओढलं. झिंगे होते, अन् एक लहानशी मरळ होती, तीबी सटकून गेली.

हे मान मागं न फिरवताच म्हनले, "सोड आता, लोकं पाहून राह्यले."

म्या म्हनलं, "पाहू द्या."

मंग त्यायनं पुन्हा जाळं फेकलं.

तुही मोठी आई
गोकुळा